प्यो मावशीचा जिवाणू

प्यो मल्सुन बावीस वर्षं आमच्या सुन्छन शहरातल्या प्रयोगशाळेत माती चाळते आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. मी साहित्य शिकले. तिथल्या शोधनिबंधांची भाषा तपासते. मातीतल्या नऊ नव्या जिवाणूंचे निबंध माझ्या हातून गेले. नऊही मावशीनं शोधलेले. लेखकांत तिचं नाव एकदाही नाही. शेवटी बारीक अक्षरांत आभार.

दहावा तिला सातूच्या शेतात सापडला. आमच्याकडे सगळे जिवाणू वाढवायच्या प्लेट्स सात दिवसांत फेकतात. तिनं चाळीस दिवस ठेवल्या. एकीत मोहरीएवढा गुलाबी ठिपका उगवला.

"जुनाच आहे," प्रयोगशाळेचे प्रमुख मेंग सर म्हणाले. "मुख्य जनुक एका माहीत असलेल्या जिवाणूशी नव्व्याण्णव टक्के जुळतंय."

"माझा चेहराही बहिणीशी जुळतो," मावशी म्हणाली. " म्हणून तिचा नवरा मला घरी नेतो का? सगळी जनुकं ताडून बघा."

ताडली. एक्क्याण्णव टक्के. पंच्याण्णवच्या खाली म्हणजे प्रजाती नवी.

नव्या प्रजातीचा जिवंत नमुना दोन देशांच्या संग्रहांत ठेवावा लागतो, तरच नाव मान्य होतं. सरांनी घाईत नमुने धाडले आणि अर्जात वाढीचे दिवस सवयीनं सात लिहिले. दोन्हीकडून उत्तर आलं: काहीच उगवलं नाही.

सरांनी स्वतः चाळीस दिवस वाट पाहिली. प्लेट कोरीच. मावशी प्लेटमध्ये शेतातल्या मातीचा काढा घालते; तो किती उकळायचा, ते तिलाच ठाऊक.

"प्योबाई, तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

"मग लेखकांत नाव घाला."

"तुम्हाला पदवी नाही हो. असं करू, जिवाणूलाच तुमचं नाव देऊ! केवढा मान!"

"त्याला कशाला? त्याला वाचता येतं? मला लेखकांत हवं."

"नियम असा आहे की..."

"पदवी लागते असं कुठे लिहिलंय? दाखवा."

मी हातातले कागद घट्ट धरून उभी होते. प्राध्यापकांशी असं बोलताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं.

सरांनी पाच नावांखाली सहावं टाइप केलं. मावशीनं चष्मा लावला.

"सहावं का? ही मंडळी शेतात आली होती?"

"मग कितवं?"

"पहिलं."

सरांचे कान तांबडे झाले. मग त्यांनी तिचं नाव उचलून सगळ्यांच्या वर ठेवलं.

मावशीनं एकेक अक्षर बोट लावून तपासलं. मातीची पिशवी उचलली, शेगडी पेटवली.

"आता दोघंही बाहेर व्हा," ती म्हणाली. "मला काम आहे."