नवऱ्यांना तारांकित प्रश्न

वेबसाइटी करणाऱ्यांकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र ढिगानं साठतात. दोन हजार सालानंतर हुबळीच्या देशपांडे नगरात माझं एका खोलीचं ऑफिस होतं. नोकरीला एकटी विद्या. इंटरनेटवरून कुणाच्यातरी कोडचा तुकडा उचलायचा नि चिकटवायचा, की फॉर्मातला रकाना मोठा होतो, रंगतो नाहीतर लपतो. ह्यालाच आम्ही ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणायचो!

*

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे धारवाडचं एक वधूवर मंडळ. चालवणारे अप्पा, रिटायर्ड गणिताचे मास्तर. ते वेबसाइटचं प्रिंटआउट लाल पेननं तपासून बसनं हुबळीला आणायचे. एकदा खाली शेरा होता, ‘रकाने तिरके. पुन्हा लिहून दाखवा.’

*

भरायलाच हव्यात अशा रकान्यांपुढे विद्यानं लाल चांदणी लावली. अप्पांचा फोन, “एनप्पा इदु, काय हे? ही मंगळ असलेल्यांची खूण काय?”

*

राज्यांची यादी परदेशी तुकड्यातून तशीच आली. पहिलंच नाव अलाबामा, आणि फॉर्म भरताना ते कुणी बदललंच नाही. हुबळीच्या कमरीपेठेतली सगळी पोरं एकदम अमेरिकेत! मुलींच्या बापांचे फोन थांबेनात. मी घाबरून दुरुस्तीला बसलो, तर अप्पा म्हणाले, “एवढी काय गडबड? आठवडाभर राहू दे की!”

*

विद्यासाठी घरचे स्थळं बघत होते. येणारा प्रत्येक मुलगा पोहे खाऊन एकच विचारायचा, “लग्नानंतर नोकरी सोडणार ना?” तिला नोकरी सोडायची नव्हती. तिच्यासाठी जीव तुटायचा माझा. शिवाय ती गेली असती तर ऑफिसला कुलूपच होतं.

त्यात अप्पांनी हाच प्रश्न फॉर्मात घालायला सांगितला, फक्त मुलींना दिसेल असा. विद्यानं तुकडा चिकटवला, पण अट उलटी ठेवून. प्रश्न फक्त मुलांना दिसायला लागला, ‘लग्नानंतर नोकरी सोडणार का?’ चांदणीसकट!

एकानं लिहिलं, ‘आईला विचारून सांगतो.’ दुसऱ्यानं विचारलं, ‘माझं काय चुकलं?’

अप्पा उत्तरांचे कागद घेऊन तणतणत आले. “पुरुषाला असलं विचारतात काय गं? लाज आणलीस की!”

विद्या शांतपणे एकेक कागद वाचत गेली. अळणावर गावच्या एका ड्रॉइंग मास्तरानं लिहिलं होतं, ‘तिला आपली नोकरी आवडत असेल तर मी सोडीन. भाकरी बडवता येते.’

“हे येडं कुठलं!” अप्पा ओरडले. “आजच्या आज काढ ह्याचं नाव यादीतनं!”

“काढते की अप्पा,” विद्या म्हणाली. “कारणाच्या रकान्यात ‘लग्न जमलं’ घालू?”