मामाची पाठ भाड्याने

माझा मामा व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आहे असं मी शाळेत सांगायचे, तेव्हा पोरं लगेच त्याच्या उंचीची चौकशी करायची. उंची पाच फूट दोन इंच. मामा कोर्टवरचा घाम पुसतो. खेळाडू धाडकन आपटला की लाकडी फरशीवर घामाचं तळं उरतं. त्यावर दुसरा घसरू नये म्हणून पंचांनी शिट्टी वाजवली की मामा बास्केटखालच्या स्टुलावरून मॉप घेऊन सुटतो, पुसतो आणि परत येऊन बसतो. सहा सेकंद. बावीस वर्षांत सातवा सेकंद त्याने कधी लागू दिला नाही, आणि हे तो लग्नकार्यात अनोळखी माणसांनाही ऐकवतो.

घरात पाणी सांडलं तर मात्र ढिम्म हलत नाही. "शिट्टी कुठे वाजली?" म्हणतो.

मग क्लब विकला गेला आणि नव्या मालकांनी एक साहेब आणला. दर वाक्यात 'वाढ' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला वाढसाहेब म्हणू लागले. त्याने शिपायापासून प्रशिक्षकापर्यंत सगळ्यांना बसवून पडद्यावर भविष्य दाखवलं. दहा वर्षांत दुप्पट संघ, चौपट प्रेक्षक, आणि फोनवर मॅच बघणाऱ्यांची तर मोजदादच नाही. त्यासाठी हॉलमधली प्रत्येक वस्तू जाहिरातीला द्यायची होती. खांब गेले, पाण्याच्या बाटल्या गेल्या, पंचांच्या बाह्यासुद्धा गेल्या. मग त्याची नजर मामावर पडली.

"मामा, तुमच्यामुळे वाढ किती?"

"घसरून पडणारे कमी होतात, साहेब."

"ती घट झाली."

पुढच्या मोसमापासून मामाने पार्किंगमध्ये गाड्या लावून घ्यायच्या, असं ठरलं. पगार तोच. पण मामा तोंड पाडून घरी आला आणि जेवला नाही. पार्किंगमध्ये स्टूल नाही, शिट्टी नाही, आणि तिथे कुणी पडतही नाही. मला तर तो मॉप वाढसाहेबाच्याच डोक्यात घालावासा वाटला.

डोकं चालवलं ते मामीने. तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण नवरा दिसतो म्हणून ती टीव्हीवरची एकही मॅच चुकवत नाही. ती थेट क्लबात गेली.

"साहेब, खेळाडू पडला की कॅमेरा तिकडेच असतो. तिथे आमचे हे वाकलेले. सगळ्या जगाला यांची पाठ दिसते, आणि ती कोरी!"

वाढसाहेब खुर्चीतून उठलाच. आठवड्याभरात मामाच्या पाठीवर कंबरदुखीच्या मलमाची जाहिरात छापून आली. अट एकच: पाठ एका वेळी निदान वीस सेकंद दिसली पाहिजे, नाहीतर लोकांचं वाचून होत नाही. पहिल्या मॅचला मलमवाले स्वतः येणार होते. त्यांना पटलं नाही, तर पार्किंग.

"वीस सेकंद मी तिथं करू काय?" मामाने विचारलं.

"पुसा की हळूहळू," मामी म्हणाली.

घरात सराव सुरू झाला. मी पेलाभर पाणी सांडायचे, मामी शिट्टी वाजवायची आणि मामा सहा सेकंदांत मोकळा. एकदा महत्प्रयासाने आठवर गेला, तर दोन दिवस स्वतःवरच रुसून बसला.

मॅचच्या दिवशी मी आणि मामी टीव्हीसमोर. पहिला खेळाडू पडला: सहा सेकंद. दुसरा: सहा. मलमाचं नाव अर्धंच वाचून व्हायचं. कडेला उभा असलेला वाढसाहेब दोन्ही हातांची बोटं दोनदा नाचवून मामाला वीसचा आकडा दाखवत होता. मामाने मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

"गेले हे पार्किंगमध्ये," मामी म्हणाली.

शेवटच्या मिनिटाला आमचा सगळ्यांत धिप्पाड गडी आपटला. मामा सुटला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. दहा सेकंद. वीस. तीस. मलमाचं नाव, पत्ता, 'रोज दोनदा चोळा' सगळं वाचून झालं. मामी टाळ्या पिटायला लागली. मग मामाचा हात कमरेवर गेला आणि आम्हाला उमगलं की त्याची कंबर खरोखरच धरली आहे. अख्खा हॉल हसत होता. शेवटी दोन सात फुटी खेळाडूंनी त्याला तसाच वाकलेला उचलला आणि स्टुलावर नेऊन ठेवला.

मलमवाल्यांना वाटलं, काय अभिनय! त्यांनी तिथल्या तिथे तीन वर्षांचा करार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उशीत तोंड खुपसून पालथा पडला होता. मामी मलम चोळत होती, दुसऱ्या कंपनीचं.

"अहो, स्टूल राहिलं ना तुमचं? मग रडता कशाला?"

"लोक हसले त्याचं काही नाही गं. पण पुसायला एवढा वेळ! किती सेकंद होतो मी?"

"एकेचाळीस."

मामाने हुंदका दिला. मला भरून आलं आणि हसूही येत होतं.

"ते कमरेचे," मामी म्हणाली. "घाम सहालाच पुसून झाला होता. कंबर धरली ती सातव्याला."

मामाने उशीतून तोंड वर काढलं.

"नक्की सहा?"

"बावीस वर्षं टीव्हीवर मी दुसरं बघतेय काय?"