मेजरसाहेबांचा ‘चांगला’

मेजरसाहेबांच्या तोंडून कौतुक निघणं कठीण. मेसमधल्या स्वयंपाक्याला ते फार तर म्हणायचे, “मीठ बरोबर पडलंय.” तेवढ्यावर तो आठवडाभर खूश असायचा.

साठीच्या दशकात लष्कराची एक लहान तुकडी सिल्व्हासात होती आणि मी तिथे टंकलेखक होतो. वर्षातून एकदा मेजरसाहेब प्रत्येक जवानाचा गोपनीय अहवाल लिहायचे आणि मी तो टंकित करायचो. हवालदार सखाराम त्यांचा सर्वांत आवडता माणूस. दमणगंगेच्या पुरात राखोलीजवळ अडकलेलं एक कुटुंब त्याने कमरेला दोर बांधून बाहेर काढलं होतं. त्याच्या अहवालात साहेबांनी शेरा लिहिला, ‘चांगला’.

मी भीत भीत म्हणालो, “साहेब, बाकीच्या तुकड्यांतून सगळ्यांना ‘उत्कृष्ट’ जातं. वरच्या ऑफिसात ‘चांगला’ म्हणजे कामाचा नाही असं धरतात.”

“मग कामाचा नसेल त्याला काय लिहायचं?” त्यांनी विचारलं. “शब्दाला काही वजन असतं, जोशी. टाइप करा.”

बढतीची यादी आली तेव्हा तिच्यात सखाराम नव्हता. हवालदार म्हणून त्याची मुदत भरत आली होती; त्या वर्षी बढती हुकली की नोकरी संपणार, हे साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी वर तीन पत्रं लिहिली, पुराची सगळी हकिगत कळवली. एका ओळीचं उत्तर आलं: ‘आपणच दिलेल्या शेऱ्यानुसार निर्णय झाला आहे.’

वापीला जाणाऱ्या ट्रकमध्ये ट्रंक चढवून सखाराम ऑफिसात आला. सलाम करून म्हणाला, “साहेब, रागावू नका. माझं काय चुकलं तेवढं सांगा. घरी विचारतील.”

“काही चुकलं नाही,” साहेब म्हणाले. सखारामने पुन्हा सलाम केला आणि तो गेला.

पुढच्या वर्षी अहवालांचा गठ्ठा माझ्याकडे आला. सगळे ‘उत्कृष्ट’. ड्यूटीवर दारू पिऊन दोनदा सापडलेला शिपाईसुद्धा. मी त्याचा कागद वेगळा काढून दाखवला.

“असू दे,” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “त्यालाही घर आहे.”

पुढे मी मुलकी खात्यात अधिकारी झालो. निवृत्तीपर्यंत शेकडो अहवाल लिहिले. माझ्या हाताखाली काही खरोखर गुणी माणसं होती, काही अगदीच टाकाऊ. कागदावर मात्र मी त्यांच्यात कधीच फरक केला नाही.