चित्रात नाही ते सांगायचं नाही

मिरज स्टेशनवर माझी धाकटी बहीण रडत होती आणि मी सतरंजीत गुंडाळलेल्या पोळपाटाची गाठ नीट बसली आहे का ते बघत होते. "अक्का, तिकडं बोलणार कुणाशी गं? चौथी शिकलीस तू," ती म्हणाली. वडिलांनी मला चौथीनंतर घरी बसवलं तेव्हा म्हणाले होते, "पत्र वाचता येतं, झालं की." त्यांच्याशी वाद घालता आला नव्हता. बहिणीला म्हटलं, "सून आहे की बोलायला." गाडी सुटली. मी रडले नाही.

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागात आमचं घर. मुलगा संदीप कॉम्प्युटर कंपनीत. सून वैशाली मिरजेत नर्स होती, इथं येऊन घरी बसली होती. नात मीरा माझं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायची. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी संदीपच्या कंपनीनं इथलं ऑफिस बंद केलं. राहायचा परवाना त्या नोकरीवर होता. वैशालीची नर्स म्हणून नोंदणी झाली तर एक हॉस्पिटल तिला घ्यायला तयार होतं आणि आम्ही राहू शकत होतो. नाहीतर बॅगा भरायच्या. नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा, आणि त्यात लेखनाला नऊपैकी सात हवे होते. तिला दोनदा सहाच पडले.

अडत होतं ते आलेखापाशी. पहिल्या प्रश्नात रेघांचं नाहीतर खांबांचं चित्र देतात, वीस मिनिटांत त्याचं वर्णन लिहायचं. वैशाली वॉर्डात तयार झालेली. तिथं ड्यूटी बदलताना एकूण एक नोंद सांगायची असते. एक सुटली तर पेशंटच्या जिवावर. तसाच ती आलेख लिहायची, एकही आकडा न सोडता. वर पेशंटसारखंच, हे झालं कशामुळे आणि उपाय काय, तेही. वेळ तिथंच संपायचा.

शायनी नावाची केरळची नर्स, आधी पास झालेली, चहाला आली. तिनं वैशालीचं लिखाण वाचलं आणि हिंदीत म्हणाली, "अरे, ये पेशंट नहीं है. मरेगा नहीं. छोड़ दे!" मग तिनं समजावलं. आधी एकंदर काय झालं ते सांगायचं. मग सगळ्यात वर कोण, सगळ्यात खाली कोण, वळलं कुठे. आकडे त्या जागांचेच. कारणं द्यायची नाहीत. न बघणाऱ्याला चित्र दिसलं पाहिजे.

वैशालीला कळलं सगळं, पण हात ऐकेना. मग रोज दुपारी मी ओट्यापाशी पोळ्या लाटायला उभी राहायचे, चित्राकडे पाठ करून. आधी तिनं मला मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं.

"आई, पहिल्या साली चहा इतका, दुसऱ्या साली इतका, तिसऱ्या..."

मला कंटाळा यायचा. मी लाटणं आपटायचे. "चहाचं शेवटी झालं काय, ते बोल."

"चहा उतरला, कॉफी चढली. मधे एकदा बरोबरीला आली."

"का चढली?"

"आई! 'का' विचारायचं नाही. चित्रात नाही ते."

"मग हे कसलं अर्धवट चित्र?"

"अर्धवट तर अर्धवट. सात मिळाले पाहिजेत."

मीरा शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "मम, इज इट ग्रँड?" म्हणजे, जमलं का. मी म्हणायचे, "अजून नाही." मला एकदा घरी बसवलं होतं. वैशालीला मी बसू देणार नव्हते.

तिसरी परीक्षा बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात होती. मी डबा घेऊन बाहेर बसले. वैशाली आली ती वॉर्डात पेशंट टाकून आल्यासारखं तोंड करून. "आई, किती आकडे सोडले मी. मुद्दाम."

"कोण मेलं का? मग जेव."

लेखनाला सात पडले. बरोबर सात. वैशाली हॉस्पिटलात लागली. संदीपलाही पुढे दुसरी नोकरी मिळाली.

माझ्या वयाच्या बायांनो, तुमच्यातल्या काही मागे राहिल्या, काही माझ्यासारख्या मुलांमागे निघाल्या. फोनवर बहीण अजून विचारते, "अक्का, करमतं का? परत का येत नाहीस?" मी सांगते, एकंदरीत बरं चाललंय. सगळ्यात खाली डिसेंबर, चार वाजता अंधार. सगळ्यात वर, वैशाली युनिफॉर्म घालून बस पकडायला निघते ती सकाळ. वळलं ते त्या ओट्यापाशी. 'का' विचारू नकोस.

पोळपाट प्रेसमध्ये असतो. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. सतरंजी मी मीराच्या खोलीत अंथरून टाकली. आता पोळपाट बांधायला घरात काही उरलेलं नाही.