डॉक्टरांपासूनचं गुपित

बाळांनो, तुम्हा दोघांच्या मध्ये आणखी एक जीव येणार होता. हे लिहायला तुमच्या आईची परवानगी आहे. धाकट्याला वाचता यायला अजून वेळ आहे. मोठीने मात्र नीट वाचावं.

मोठीचा जन्म सिझेरियनने झाला. तेव्हा तुमचे आईबाबा खराडीला राहत होते आणि मी इथेच, शनिवार पेठेत. दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेला कागद मी फाइलला लावला. त्यात शेवटी इंग्रजीत लिहिलं होतं की पुढच्या वेळी दिवस राहिले तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. ते मी वाचलं होतं. खाली पेन्सिलने रेघही मारली होती.

मोठी अडीच वर्षांची असताना तुमची आई एका रविवारी आली आणि स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, पाळी चुकलीय. घरी टेस्ट केली." मी तिच्या तोंडावर हातच ठेवला. आमच्यात तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत.

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ का?"

"घाई काय आहे? तिथे बाकावर निम्मी पेठ बसलेली असते."

"डॉक्टरांचीही दृष्ट लागते का गं?"

"लागते एखाद्याची," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

पुढचे तीन आठवडे फार सुखाचे गेले. मोठीची दुपटी मी कपाटातून काढून धुतली आणि शेजारी विचारतील म्हणून घरातच पंख्याखाली वाळवली.

आठव्या आठवड्यात तिला थोडं रक्त दिसलं. दुखत काहीच नव्हतं. तरी त्याच दुपारी आम्ही गेलो. सिझेरियन केलेल्या डॉक्टरीणबाईंनीच सोनोग्राफी केली. पडद्यावर बारीकशी लुकलुक दिसत होती.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. मी हात जोडले.

"थांबा, आजी. गर्भ वर रुजायला हवा होता. हा खाली, टाक्यांच्या जुन्या व्रणात रुजलाय. तिथे भिंत पातळ असते. वाढला तर फाटेल, रक्त आवरणार नाही. पिशवी काढावी लागेल, जिवावरही बेतेल."

"तो वर सरकणार नाही का?" तुमच्या आईने विचारलं.

"नाही गं. आणि आता थांबूनही चालणार नाही."

आधी का आणलं नाही, असं त्यांनी मला विचारलं. मी तीन महिन्यांचं सांगितलं. "गुपित शेजाऱ्यांपासून ठेवायचं, आजी. माझ्यापासून कसलं?"

दुसऱ्या दिवशी गर्भ काढला. पिशवी वाचली. लवकर कळलं असतं तरी हा गर्भ टिकला नसता, असं बाई नंतर म्हणाल्या. पण उपाय सोपा झाला असता, धोका कमी झाला असता. मला मात्र वाटत राहतं की निदान ती लुकलुक तरी तिला पाहावी लागली नसती. ते बाळ आज जेवढं असतं, तेवढं एखादं मूल रस्त्यात दिसलं की मी अजूनही थांबून बघते. घाईने चाललेल्या आया वैतागतात.

पुढे तुमचे आईबाबा मोठीला घेऊन परदेशी गेले. खराडीचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. एका सकाळी मी मटार सोलत असताना तुमच्या आईचा फोन आला. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

"आई, सातवा आठवडा आहे. आत्ताच सोनोग्राफी झाली. वर आहे, व्रणापासून लांब. जागेवर आहे."

मोठे, तुझा भाऊ तो हाच.

"रडतेस का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि रडू लागली.

मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले. मला फक्त तिच्याशेजारी बसायचं होतं.