खंडेनवमीची बॅट

नातू बॅटीला जवसाचं तेल चोळायला बसला, की त्या वासासरशी मी बेंबळीच्या सासरघरात जाते.

राज्य निजामाचं होतं. माझे धाकटे दीर विलायतेत देशाकडून क्रिकेट खेळून नुकतेच घरी आले होते. खंडेनवमी म्हणून मी विळ्या-कुऱ्हाडीबरोबर त्यांची बॅटही राखेनं घासली, चांगली लाल डाग जाईपर्यंत. पूजेला गाव जमलं.

"विलायती चेंडूच्या खुणा कुठं हायत?" कुणीतरी विचारलं.

"म्या घासल्या," मी पुटपुटले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिरांनी ताटातलं कुंकू बोटावर घेऊन बॅटीवर टेकवलं. "एक इथं लागला व्हता, वैनी. एक इथं."

मग ते बोट बॅटीवर नुसतंच फिरत राहिलं. पुढची जागा त्यांना सापडेना.