विटेवरची शेगडी

रियाधमध्ये थंडी पडली की कपाटावरून हीटर खाली येतो आणि पहिल्या दिवशी त्याला जळक्या धुळीचा वास येतो. तो आला की मला बसवत नाही. मी उठून पुन्हा पुन्हा प्लग चाचपतो. "पप्पा, बैठो ना, वो अपने आप बंद होता है," लेक म्हणते.

लग्नाआधी मी इथल्याच उत्तरेला, तबूकच्या गारठलेल्या डोंगरात पाइपलाइनवर होतो. वेल्डिंगचे रॉड दमट होऊ नयेत म्हणून त्यांना ओव्हन होता. माणसांच्या केबिनसाठी हीटर नुसते 'येणार, येणार' म्हणत होते, आले नव्हते. तेव्हा हे कुणालाच वावगं वाटलं नाही. आता आठवलं की चीड येते.

दापोलीचे वेल्डर हमीदभाई यांनी मोडक्या ओव्हनची कॉइल विटेवर बसवून शेगडी केली. सेफ्टी माझ्याकडे, म्हणून ती बंद करायला मी गेलो. उघडी तार टेपने जोडलेली, कॉइल लालभडक, आणि केबिनभर हाच जळका वास.

"साहेब, आधी हात शेका, मग ओरडा," हमीदभाई म्हणाले.

माझी बोटं वळत नव्हती. मी बसलो, पण नजर त्या जोडावरून हटेना. मागून बोचरं वारं आत घुसत होतं. शेवटी मी ओरडलोच, "अरे, दार लावा कुणीतरी."